अर्धी टोपी पाठवते आहे

ती. आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

पार्सल उघडलंत की सगळ्यात वर एक अर्धवट टोपी दिसेल, सुईवर असलेली. ती घाईत तशीच राहिलेली नाही. मुद्दाम अर्धीच विणली आहे. आई, सुईच्या दोन्ही टोकांना रबरी बुचं लावली आहेत ती आत्ताच काढू नकोस, टाके घसरतील. आधी पत्र वाचून घे.

मागच्या खेपेला तू मला तुझी लोकरीची पिशवी दिलीस आणि म्हणालीस, "आता माझ्याच्यानं काही व्हायचं नाही. तुला लागली तर ठेव, नाहीतर कुणाला देऊन टाक." मी तेव्हा गप्प राहिले, पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. घरी आल्यावर पिशवी जमिनीवर उलटी केली आणि छोट्या काट्यावर एकेक गुंडी वजन करून घेतली. चौदा गुंड्या, सगळ्या मिळून ३१२ ग्रॅम. सर्वांत मोठी राखाडी, ३८ ग्रॅमची. सर्वांत लहान पोपटी, अवघी ४ ग्रॅम. दादाच्या शाळेच्या स्वेटरची गडद निळी होती. माझ्या फ्रॉकवर घालायच्या जाकिटाची मोरपंखी होती, ते जाकीट मला तोकडं झाल्यावरही मी सोडत नव्हते. पिवळी कशाची ते मला आठवेना. तुला नक्की आठवेल.

राखाडी मात्र पाहताक्षणी ओळखली. बाबांच्या स्वेटरची कोपरं विरली तेव्हा तू दोन्ही बाह्या उसवून तो बिनबाह्यांचा करून टाकला होतास, त्या बाह्यांची ही लोकर. इतकी वर्षं गुंडीत राहूनही तिच्यात जुन्या टाक्यांच्या लाटा तशाच होत्या. अशी कुरळी लोकर तशीच विणली तर टाके लहानमोठे पडतात, हे तूच शिकवलंस. म्हणून खुर्चीच्या पाठीभोवती तिची लडी केली, चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवली आणि न पिळता टांगून वाळवली. दुसऱ्या दिवशी धागा सरळ झाला होता. बाबा, लडीची गुंडी करताना तुमच्या दोन हातांची फार आठवण झाली. खुर्ची हात हलवत नाही, धागा सुटायला आला की मनगट वळवत नाही.

या लोकरीचं काय करायचं, यावर मी बरेच दिवस घालवले. मफलरला एका रंगाची एवढी लोकर नव्हती. पायमोज्यांना लोकर पुरते, पण टाचेची वळणं आता तुझ्या डोळ्यांना नकोत. मग या टोपीचा नमुना सापडला, आणि तो आपल्या पिशवीसाठीच कुणी योजला असावा असं वाटलं.

ही टोपी म्हणजे खरं तर एक लांब नळी, दोन्ही टोकांना बंद असलेली. एका शेंड्यापासून सुरुवात करायची, टाके वाढवत डोक्याइतकी रुंदी आणायची, मग नुसतं सरळ गोल विणत जायचं आणि शेवटी तसेच टाके घटवत दुसरा शेंडा मिटवायचा. झालं की एक अर्धं दुसऱ्या अर्ध्याच्या आत ढकलायचं. दुपदरी टोपी तयार. दोन पदरांमध्ये हवा अडकून राहते, त्यामुळे पातळ लोकरीचीही चांगली ऊबदार होते. कड दुमडली की कपाळावर आणि कानांवर चार पदर येतात. न दुमडता घातली तर मानेपर्यंत उतरते. उलटी केली की आतलं अर्धं बाहेर येतं आणि दुसऱ्याच रंगांची टोपी होते. मला सर्वांत आवडलं ते हे, की रंग बदलताना राहिलेली सगळी टोकं नळीच्या पोटात जातात. एकही टोक सुईनं लपवत बसायला नको. तुकड्यातुकड्यांच्या लोकरीला याहून सोयीचं दुसरं काही मला तरी दिसलं नाही.

पहिला प्रयत्न वाया गेला, तेही सांगते. त्या चौदा गुंड्यांमध्ये काही खऱ्या लोकरीच्या होत्या आणि काही अ‍ॅक्रिलिकच्या. हाताला फरक जाणवला होता, तरी रंग शोभतो म्हणून मी दोन्ही एकत्र विणल्या. धुतल्यावर लोकरीचे पट्टे आवळले आणि अ‍ॅक्रिलिकचे होते तसेच राहिले, मधेमधे चुण्या पडल्या. पाणी जरा जास्त गरम झालं होतं. ती टोपी मी उसवली. दुसऱ्यांदा मात्र प्रत्येक गुंडीचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहिला. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत बाजूला केली की ती आपोआप विझते आणि राख बोटांत चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा काळा टणक मणी होतो. नऊ गुंड्या खऱ्या लोकरीच्या निघाल्या, सगळ्या चारपदरी. त्यांचीच ही टोपी. उरलेल्या पाच बाजूला ठेवल्या आहेत.

आता मोजमाप. बाबांच्या डोक्याचा घेर ५७ सेंटीमीटर आहे. मागच्या वेळी तुम्ही पेपर वाचत होतात तेव्हा मी लोकरीचा धागा डोक्याभोवती फिरवला होता आणि तुम्ही मान वर न करता "काय चाललंय?" एवढंच विचारलं होतं. आईचा ५४. टोपी डोक्यापेक्षा लहानच विणावी लागते, कारण सुलट वीण आडवी चांगली ताणते. १० नंबरच्या, म्हणजे ३.२५ मिलिमीटरच्या सुईवर माझ्या हाताचे १० सेंटीमीटरमध्ये २८ टाके बसतात. १३६ टाक्यांचा घेर साधारण साडेअठ्ठेचाळीस सेंटीमीटर होतो. तो ताणून तुम्हा दोघांनाही नीट बसेल, हेच मला हवं होतं.

आई, हे १३६ टाके आठ पाकळ्यांत वाटलेले आहेत, एका पाकळीत सतरा. मी आठ टाक्यांपासून सुरुवात केली, पहिल्या चार फेऱ्यांत दर पाकळीला एकेक टाका वाढवला आणि मग बारा वेळा, एक फेरी सोडून एक. तुझ्या वाट्याला याच्या बरोबर उलट येईल. आधी बारा वेळा, एक साधी फेरी आणि एक घटवायची, अशी. त्यानं १३६ चे ४० होतील. मग सलग चार फेऱ्यांत घटवलं की आठ उरतील. घटवणं म्हणजे पाकळीच्या शेवटचे दोन टाके एकत्र सुलट, बाकी काही नाही. शेवटच्या आठ टाक्यांतून धागा दोनदा ओवून घट्ट ओढायचा आणि आत सोडून द्यायचा. घटवायला लागण्याआधी मात्र नळीत हात घालून सगळी टोकं एकदा चाचपून घे. एकदा शेंडा मिटला की आतलं काही हाताशी लागत नाही.

त्याआधी आहे ते सगळं सुलट. उलट टाका एकही नाही. गोल विणताना कामाची सुलट बाजू कायम आपल्याकडे असते, त्यामुळे परतीची उलट ओळ येतच नाही. तू आयुष्यभर दोन सुयांवर विणलंस, पाठ आणि पोट वेगळे करून शेवटी शिवलंस, म्हणून हे तुला पहिले दोन दिवस परकं वाटेल. सुई एकच आहे, दोन टोकांच्या मध्ये लवचिक तार असलेली. बांबूची घेतली आहे, कारण ती हलकी असते आणि धातूच्या सुईसारखी बोटांना गार लागत नाही. कामाचा भार तारेवर आणि तुझ्या मांडीवर राहतो, मनगटावर येत नाही. अंगठा दुखायला लागला की असशील तिथे थांब. फेरी पुरी करायचा हट्ट धरू नकोस, या सुईवर काम मध्येच ठेवलं तरी काही बिघडत नाही. आणि वीण इतकी साधी आहे की बोटांनीच कळेल, डोळे ताणायची गरज पडणार नाही.

एक गोष्ट मात्र तुला नवीन असेल. गोल विणताना फेरी जिथे संपते तिथेच वरची सुरू होते, जिन्यासारखी. त्यामुळे रंग बदलला की त्या जागी पट्ट्याला पायरी पडते. ती झाकायची युक्ती अशी: नव्या रंगाची पहिली फेरी नेहमीसारखी विणायची. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला पहिल्या टाक्याच्या खालचा, जुन्या रंगाचा टाका सुईवर उचलायचा आणि दोन्ही मिळून एकत्र विणायचे. पायरी जवळजवळ दिसेनाशी होते. माझ्या अर्ध्यात मोरपंखी पट्ट्याजवळ मी हे विसरले होते, तिथे बोट फिरवून बघ, फरक लगेच कळेल.

धागे जोडताना गाठ मारायची नाही, हा तुझा नियम मी इथेही पाळला आहे. टोकं आत लपणार असली तरी गाठीचा खडा कपाळाला टोचतो. खऱ्या लोकरीला त्याहून चांगला मार्ग आहे. दोन्ही टोकं थोडी उकलून एकमेकांवर ठेवायची, ओली करायची आणि तळहातांत जोरात चोळायची. तंतू एकमेकांत अडकून एकच धागा होतो. हे काम मी बाबांकडे देते आहे, तळहात तुमचे आहेत तसे मोठे आणि ऊबदार.

बाबा, तुमच्याकडे आणखी एक काम. कोणती गुंडी किती पुरेल याचा हिशेब. एका फेरीला घेराच्या साधारण तिप्पट धागा लागतो, म्हणजे इथे सुमारे दीड मीटर. आपली लोकर १०० ग्रॅममध्ये ४०० मीटरच्या आसपास भरते. त्या ४ ग्रॅमच्या पोपटी गुंडीतून बरोबर दहा फेऱ्या निघाल्या, जेमतेम तीन सेंटीमीटरचा पट्टा. पण टोपीचा सगळा जीव त्या पट्ट्यात आला आहे. माझं अर्धं ३७ ग्रॅम भरलं. तुमच्यासाठी ४५ ग्रॅम पाठवली आहे, थोडी उरावी म्हणूनच. दोन रंगांच्या मध्ये चार फेऱ्या राखाडीच्या ठेवल्या आहेत. नाहीतर निळं, मोरपंखी, पिवळं आणि पोपटी एकमेकांशी भांडले असते.

आणि बाबा, विणकाम आपलं नव्हे असं तुम्ही म्हणाल, म्हणून हे वाचा. पेरूमध्ये तितिकाका सरोवरात ताकिले नावाचं बेट आहे. तिथे टोप्या पुरुषच विणतात. २००५ मध्ये युनेस्कोनं या बेटाच्या विणकामकलेची मानवजातीचा वारसा म्हणून दखल घेतली. तुम्हाला इतिहास आवडतो म्हणून आणखी एक सांगते. इंग्लंडमध्ये १५७१ साली असा कायदा होता की सहा वर्षांवरच्या सामान्य माणसांनी रविवारी आणि सणाच्या दिवशी लोकरीची विणलेली टोपी घातलीच पाहिजे. टोप्या विणणाऱ्यांची रोजीरोटी टिकावी हा हेतू. १५९७ मध्ये तो रद्द झाला. आईचा हात दुखेल त्या दिवशी एखादी फेरी तुम्ही विणून बघा. टाका सैल पडला तर पडू दे, मला तो ओळखता येईल.

आई, मी ही टोपी पुरी विणून पाठवू शकले असते. दोन आठवड्यांचं काम होतं. पण तू पिशवी दिलीस तेव्हा तुझे हात रिकामे झालेले मी पाहिले. बोलता बोलता तू पदराचं टोक बोटांत घेऊन टाके घालावेत तसं फिरवत होतीस. तू दमली असशील, नको वाटत असेल, तर टोपी तशीच परत पाठव. मी पुरी करीन आणि वाईट वाटून घेणार नाही. पण हात मागत असतील तर हे काम त्यांना जमेल इतपत हलकं आहे, हे मी आधी स्वतः विणून, वजन करून, मोजून पाहिलं आहे. सरळ विणायच्या ७५ फेऱ्या आहेत. रोज पाचच विणल्यास तर पंधरा दिवस. कसलीही घाई नाही.

टाका सुटला तर घाबरू नकोस, सोबत क्रोशाची सुई ठेवली आहे. बाबांनी दिवा धरावा आणि तू खालून एकेक पायरी वर आणावीस, माझ्या स्वेटरच्या वेळी मी दिवा धरायचे तसं.

फेरीची सुरुवात कळावी म्हणून सुईवर लाल दोऱ्याचं कडं घातलं आहे. कडं आलं की एक फेरी झाली, ते उचलून सुईच्या उजव्या टोकावर घ्यायचं आणि पुढे जायचं. मी राखाडीच्या दोन फेऱ्या विणून थांबले आहे, दोन बाकी आहेत. त्यानंतरचा रंग तू निवड. आणि ती पिवळी लोकर कशाची होती, ते फोनवर सांग.

तुमची लेक