खुले पत्र: भट्टीवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही

माननीय शिक्षणमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

काल विभागाच्या फलकावर सूचना लागली. 'खाद्यसंस्कृती' विषयाची उरलेली प्रात्यक्षिकं आणि क्षेत्रभेटी रद्द. विद्यार्थ्यांनी व्हिडिओ पाहून वही पूर्ण करावी. आमच्या प्रात्यक्षिक स्वयंपाकघराची फीत कापताना आपण म्हणाला होतात, 'मुलांचे हात पिठात बरबटले पाहिजेत.' टाळ्या आम्हीच वाजवल्या. मग 'विद्यार्थ्यांनी रांधलेल्या' जेवणाचं आपण तोंडभरून कौतुक केलंत. साहेब, ते जेवण केटररकडून आलं होतं. आम्ही नुसतं वाढलं. भट्टीवर तेव्हा प्लास्टिक होतं, आजही आहे.

आता व्हिडिओ. कॉफी भाजताना 200 अंश सेल्सिअसच्या आसपास बिया तडकायला लागतात. भाजणाऱ्याचे कान त्या आवाजाकडेच असतात, कारण तिथून पुढे चव भराभर बदलते. आमच्या व्हिडिओत नेमकं तिथे पार्श्वसंगीत! चीजसाठी विरजलेलं दूध कापण्याजोगं झालं का, हे त्यात बोट घालून वर उचललं की कळतं. स्वच्छ चीर पडली पाहिजे. आमच्या बोटाखाली माऊस. परीक्षेत प्रश्न आला, 'आंबलेल्या पिठाच्या वासाचे वर्णन करा (5 गुण).' मी लिहिलं, 'आंबट.' दीड गुण मिळाला. तो तरी कशाचा, देव जाणे.

शेवटी हॉस्टेलच्या खोलीतच यीस्ट घालून पीठ भिजवलं. रात्रीत ते भांड्याबाहेर आलं, चादरीवर सांडलं, दंड झाला. पुढच्या आठवड्यात तव्यावर कॉफी भाजली. तळहात पोळला, धूर झाला, नियमभंगाची नोटीस आली. म्हणजे तीन वर्षांत मी केलेली दोन्ही प्रात्यक्षिकं बेकायदा. डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे, ते वेगळंच.

जपानने 2005 साली अन्नशिक्षणाचा कायदा केला. तिथे शाळेतली मुलं जेवण स्वतः वाढतात, स्वतः आवरतात. फिनलंडमध्ये सातवीला गृहविज्ञान सक्तीचं आहे. इटलीत पोलेन्झोला 2004 पासून याच विषयाचं विद्यापीठ चालतं आणि उत्पादकांकडे जाऊन शिकणं हा तिथल्या पदवीचाच भाग आहे. अख्ख्या जगाला जमतं हे! (बरं, तीन देशांना तरी.) आमची सर्वांत लांबची क्षेत्रभेट कँटीनपर्यंत गेली.

पण एका स्वयंपाकघराचं काय घेऊन बसलात? तपासणी समिती रजिस्टर बघते. रजिस्टरात 24 प्रात्यक्षिकं आहेत, खाली सह्या आमच्याच. 'करा, नाहीतर गुण विसरा,' म्हटल्यावर केल्या. या व्यवस्थेत लिहिलं म्हणजे झालं. प्रयोगशाळा तशा, ग्रंथालयं तशीच. मुळात हाताने करण्याचीच लाज आहे इथे. रांधतो तो मजूर, रांधण्यावर निबंध लिहितो तो विद्वान.

मागणं मोठं नाही. स्वयंपाकघराचं कुलूप आठवड्यातून दोन दिवस उघडावं आणि रद्द केलेल्या क्षेत्रभेटी परत द्याव्यात. आपण फीत कापलेली कात्री ऑफिसच्या काचेच्या कपाटात ठेवली आहे. भट्टीवरचं प्लास्टिक कापायला तेवढी मिळाली तरी चालेल.

आपली,
तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी