आठ बाण, एक शब्द

नानजिंग, १२ ऑक्टोबर

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

खालच्या मजल्यावरची पाचवीतली मुलगी दर शनिवारी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येते, हे तुला फोनवर सांगितलं होतंच. परवा तिने निबंधात लिहिलं, ‘माझी बहीण शांघायला असते.’ मी म्हटलं, अगं, तू तर एकुलती एक! तर म्हणे, ही माझी ‘ब्याओज्ये’, आईकडच्या नात्यातली मोठी बहीण. मग ‘कझिन’ लिही, म्हटलं. तिने लगेच विचारलं, “पण त्यात मोठी कुठे आलं? आणि मुलगी आहे हे कसं कळणार?”

आत्या, या एका कझिनला चिनीत आठ शब्द आहेत. वडिलांच्या भावाची मुलं ‘थांग’, म्हणजे एका दालनातली, एका आडनावाची. बाकी सगळी ‘ब्याओ’, बाहेरची. त्यात पुन्हा मोठा भाऊ, धाकटा भाऊ, मोठी बहीण, धाकटी बहीण. तिने आठही शब्द वहीत एकाखाली एक लिहिले आणि प्रत्येकापासून बाण काढून त्या एकाच इंग्रजी शब्दावर आणला.

खरी अडचण पुढेच. कझिन मुलगा की मुलगी, हे इंग्रजीत पुढच्या ‘ही’-‘शी’वरून कळतं, आणि इथली मुलं नेमकी तिथेच अडखळतात. चिनीत बोलताना तो आणि ती दोन्ही ‘था’च, फरक फक्त लिहिताना दिसतो. “माय कझिन, ही इज प्रिटी,” ती म्हणाली. आधी ताईचा चेहरा डोळ्यांसमोर आण, मग बोल, असं मी सांगितलं. तेव्हा कुठे ‘शी’ आलं.

ती ताईही सख्ख्या मावशीची नव्हे, आईच्या मावसबहिणीची मुलगी. एकच मूल हे धोरण इथे १९८० पासून २०१५ पर्यंत होतं. हिचे आईवडील दोघंही त्याच काळातले, एकुलते. त्यामुळे हिला सख्खा काका नाही, आत्या नाही, मामा-मावशी नाही. आठ शब्द तोंडपाठ आहेत आणि सख्ख्यांतलं हाक मारायला कुणीच नाही. मला फार वाईट वाटलं गं.

मग मी आपले चुलत, आते, मामे, मावस सांगितले. तिच्या एका ‘ब्याओ’चे आपल्याकडे तीन भाग होतात, हे तिला भारी आवडलं. ‘आतेभाऊ’ तिने चारदा म्हणवून घेतलं.

दिवाळीत सगळे जमाल तेव्हा एक फोटो काढून पाठव. दादाला सांग, प्रत्येकाखाली नाव नको, माझं त्याच्याशी नातं लिही. मी तिला वाचून दाखवणार आहे.

तुझा,
भाचा