जिन्यातला कूलर आणि तेविसावा मजला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या सोसायटीच्या मागच्या सभेत मी एक विषय मांडला आणि सगळे पोट धरून हसले. विषय एवढाच : जिन्यातल्या सायकली, चपलांचे स्टँड, जुना कूलर हटवा आणि घरातली लोखंडी कपाटं भिंतीला पक्की करा. "भूकंपासाठी? नागपुरात?" तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले. "इथं माणूस उन्हानं मरते बापा, भूकंपानं नाही." उन्हाचं खरं आहे. भूकंपाचं सांगायला सभेत वेळ मिळाला नाही, म्हणून हे पत्र.

२०११ साली मी टोकियोत सॉफ्टवेअरची नोकरी करत होतो. ऑफिस शिंजुकूत, तेविसाव्या मजल्यावर. ११ मार्च, शुक्रवार, दुपारचे २ वाजून ४६ मिनिटं. लहानसहान धक्क्यांना तिथं कुणी मान वर करून पाहत नाही. हाही तसाच सुरू झाला, पण थांबेचना. उंच इमारत नुसती हादरत नाही, डुलते. कस्तुरचंद पार्कवर मेळा लागायचा, त्यातल्या मोठ्या नावेत पोटात जसा गोळा येई, तसा आला. फक्त ही नाव थांबवायला खाली कुणी माणूस नव्हता. खिडकीतून समोरचा टॉवर डुलताना दिसत होता. शेजारच्या बाईंनी टेबलाखालून हेल्मेट काढून डोक्यावर चढवलं आणि माझी बाही धरून मला खाली ओढलं. माझंही हेल्मेट तिथंच होतं, पिशवीतून एकदाही न काढलेलं. तीन वर्षं मी त्यावर पाय ठेवून बसत होतो.

लिफ्ट बंद. तेवीस मजले जिन्यानं उतरलो. त्या जिन्यात एक खोकं नव्हतं, एक कुंडी नव्हती. शेकडो माणसं भिंतीच्या बाजूनं रांगेत उतरली, कुणी अडखळलं नाही. आमच्या सोसायटीच्या जिन्यातून साधा सोफा वर न्यायचा तर आधी दोन सायकली उचलाव्या लागतात.

गाड्या बंद होत्या, मोबाइल लागत नव्हते, सार्वजनिक फोनसमोर लांब रांगा होत्या. मी निशिकासाईला राहत असे. सुमिदा आणि आराकावा या दोन नद्या ओलांडून चालत निघालो. सीताबर्डीहून कामठीला पायी जावं, साधारण तेवढं अंतर, आणि पायात ऑफिसचे बूट. फुटपाथ माणसांनी भरलेले, पण आवाज फक्त पावलांचा. रात्री साडेदहाला पोचलो. गॅस पेटेना. शेजाऱ्यानं दाखवलं : मोठा धक्का बसला की मीटर आपणहून गॅस तोडतो. गळती नाही हे बघून बटण दाबायचं, तीन मिनिटं थांबायचं, की पुन्हा सुरू. खोलीत गेलो तर पुस्तकांचं कपाट उशीवर आडवं पडलेलं. घर घेतलं तेव्हा एजंटानं ते भिंतीला पक्कं करायला चार वेळा सांगितलं होतं. मी 'हो हो' म्हटलं होतं. तोच धक्का रात्री बसता तर हे पत्र लिहायला मी नसतो.

आई नागपुरात, महाल भागातल्या आमच्या घरी सकाळपासून टीव्हीसमोर बसून होती. सेंदाईच्या शेतांवरून पुढं सरकणारं काळं पाणी तिनं पाहिलं होतं, आणि टोकियो तिथून किती लांब हे तिला कोण सांगणार? स्काइप लागला तेव्हा तिनं आधी "जेवला का रे?" विचारलं आणि मग, "काय करून राहिला तिथं? ये ना वापस." त्या दिवशी मृत आणि बेपत्ता मिळून १८ हजारांवर माणसं गेली, बहुतेक सगळी त्सुनामीत. आमचं टोकियोतलं हादरणं त्यापुढं काहीच नव्हे.

आता तुमच्या वृत्तपत्राकडे एक मागणं. भूकंप झाला की आपण एकच आकडा छापतो : अमुक रिश्टर, म्हणजे भूकंप मुळात केवढा मोठा. जपानी टीव्हीवर आधी कळतं ते तुमच्या गावात किती हललं. त्यासाठी ० ते ७ अशी वेगळी मोजणी आहे. भूकंप एकच, ९.० चा, पण मियागी प्रांतातल्या कुरिहारात ७ आणि टोकियोत ५ च्या दोन टप्प्यांपैकी वरच्या टप्प्याचं हलणं नोंदलं गेलं. ४ डिसेंबर २०२४ ला तेलंगणातल्या मुलुगूत ५.३ चा भूकंप झाला आणि आमचे पंखे हलले, तेव्हा सगळे त्या ५.३ वरच वाद घालत बसले. नागपुरात किती हललं, कोणत्या भागात जास्त, हे छापलं असतं तर उपयोग होता.

'भूकंपाच्या धोक्याच्या नकाशात नागपूर झोन दोनमध्ये आहे' हेही सभेत ऐकवलं गेलं. झोन दोन म्हणजे कमी धोका, शून्य नव्हे. किल्लारी तर १९९३ च्या आधीच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. ३० सप्टेंबरच्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. मी तेव्हा शाळेत होतो, वर्गात जुने कपडे गोळा केले होते. चार वर्षांनी, २२ मे १९९७ च्या पहाटे, जबलपूर हललं. ते काही आपल्यापासून जपानइतकं लांब नाही.

आईच्या डोक्याशी असलेलं कपाट मी मागच्या रविवारी पक्कं करून घेतलं. दोन एल-पट्ट्या, थोडे स्क्रू, अर्धा तास. सुतार काम करताना हसत होता, पण जाताना स्वतःच्या घरच्या कपाटासाठी दोन पट्ट्या मागून घेऊन गेला. जिन्यातला कूलर मात्र अजून तिथंच आहे. तो तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा आहे.

आपला,
एक वाचक, मनीषनगर, नागपूर