युडिथच्या ईझलवर कोण?

प्रिय शैला,

चार महिन्यांत पत्र नाही, रागाव हवं तेवढं. गुडघा बरा आहे. सतराव्या शतकातल्या डच चित्रकार युडिथ लेस्टरचं मी काढत असलेलं पोर्ट्रेट अडलंय आणि हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

तिची पांढरी कॉलर एकदाची जमली. आधी टायटॅनियम व्हाइट थेट जाड लावला होता. गळ्यात प्लास्टरची थाळी दिसायला लागली, खरवडला. मग पोशाखाचा काळा पूर्ण घालून नीट वाळू दिला. आयव्हरी ब्लॅक वाळायला रेंगाळतो, म्हणून त्यात थोडा तपकिरी अंबर. त्यावर कणभर यलो ऑकर घातलेला पांढरा, जवळजवळ कोरड्या कुंचल्याने, पातळ घासला. खालच्या काळ्यामुळे करडी-निळसर छटा आपोआप येते. जाड रंग फक्त कडेला आणि घडीच्या माथ्यावर. हो, काळा ट्यूबमधलाच! निळा-तपकिरी मिसळून तुझा नंदी जांभळा झाला होता, ते भांडण अजून मिटलेलं नाही.

खरी अडचण पोर्ट्रेटमधल्या तिच्या ईझलवरच्या, म्हणजे कॅनव्हास ठेवायच्या घोडीवरच्या, चित्राची. तिच्या १६३०च्या सुमारच्या आत्मचित्रात, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतल्या, ती हसत मागे वळलीय आणि ईझलवर फिडलवाला आहे. पण इन्फ्रारेड तपासणीत त्याच्याखाली बाईचा चेहरा सापडला, बहुधा तिचा स्वतःचाच. तिने तो झाकला आणि फिडलवाला घातला. मग मी कोण काढू? फिडलवाला काढला तर नुसती नक्कल. चेहरा काढला तर तिचा निर्णय मी फिरवला. तिच्या बाबतीत आधीच इतरांनी फार ठरवलंय गं! १६३३मध्ये हार्लेमच्या चित्रकार-गिल्डची, म्हणजे चित्रकारांच्या संघाची, सदस्य झालेली बाई, आणि तिची चित्रं तिथल्याच नामवंत चित्रकार फ्रान्स हाल्सची म्हणून विकली गेली. जे-एल अक्षरं आणि शेजारी तारा ही सही तिचीच, हे थेट १८९३मध्ये कला-इतिहासकार होफस्टेड डे ग्रोटने दाखवलं. १६३६च्या लग्नानंतरची चित्रं तर मोजकीच. राग येतो मला.

शेवटी तिच्याच क्रमाने जायचं ठरवलंय. आधी चेहरा, टर्पेंटाइनने पातळ केलेल्या अंबरमध्ये. अंबर लवकर वाळतो. वर फिडलवाला, पण चेहऱ्याच्या जागी रंग पातळच ठेवायचा. तैलरंग वर्षांनुवर्षं पारदर्शक होत जातो, तेव्हा कधीतरी ती खालून दिसू लागेल. फक्त वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्त हवं, नाहीतर तडे जातील. आणि चेहऱ्याच्या कडा आत्ताच बोथट करायच्या. जाड कड राहिली तर वरून उंचवटा दिसतो.

घराचं रंगकाम आटोपलं का? मुक्ताला बारावीसाठी आशीर्वाद.

चेहरा काल घातलाय. फिडलवाला रविवारनंतर. तुला हे पटत नसेल तर त्याआधी फोन कर, एकदा झाकला की मी परत उघडणार नाही.

तुझी,
माधुरी