व्हॉल्व्हची मापं कागदावर लिहून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत महागड्या मोटारसायकलींवर लेख आला होता. इटालियन गाडी दिसायला देखणी, सांभाळायला खर्चिक आणि सारखी बिघडणारी, असं त्यात लिहिलं होतं. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी मला मान्य नाही. ती का मान्य नाही हे सांगायला थोडी जास्त जागा लागणार आहे, तेवढी द्यावी ही विनंती.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक सरफेस ग्राइंडर आणि अलीकडे घेतलेलं एक सीएनसी. वय छप्पन्न. २०१७ साली मी पुण्यातल्या एका गृहस्थांकडून लाल रंगाची डुकाटी मॉन्स्टर ७९५ घेतली. गाडी २०१३ची, थायलंडमधल्या डुकाटीच्या कारखान्यात जुळवलेली, ११,००० किलोमीटर चाललेली. आज मीटर ४३,०००च्या पुढे आहे. आंबा घाट, गगनबावडा, दोनदा गोवा. खंडेनवमीला लेथच्या शेजारीच तिची पूजा होते. एवढ्या वर्षांत रस्त्यात ती एकदाच थांबली, तीही बॅटरी संपली म्हणून.

या गाडीच्या सर्व्हिसला एवढं महत्त्व का, ते आधी सांगतो. इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झडप म्हणजे व्हॉल्व्ह. साध्या इंजिनात तो उघडतो कॅम, म्हणजे फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, आणि बंद करते स्प्रिंग. इंजिन फार वेगात फिरलं की स्प्रिंगला ती गती झेपत नाही आणि व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाही. १९५४ साली डुकाटीत आलेले इंजिनिअर फाबिओ ताल्योनी यांनी १९५६च्या १२५ सीसी रेसिंग गाडीत स्प्रिंगवर विसंबणं सोडलं. व्हॉल्व्ह उघडायला एक रॉकर, म्हणजे छोटी तरफ, आणि ओढून बंद करायला दुसरा. हीच ती डेस्मो रचना. माझ्या ८०३ सीसी इंजिनात दोन सिलिंडर आणि चार व्हॉल्व्ह आहेत. प्रत्येक व्हॉल्व्ह आणि त्याचे रॉकर यांच्यात उघडणाऱ्या बाजूची एक फट आणि बंद करणाऱ्या बाजूची एक, म्हणजे आठ मापं. ती छोट्या शिम, म्हणजे ठरावीक जाडीचे धातूचे तुकडे, बदलून जमवायची असतात आणि सगळा खेळ मिलिमीटरच्या शंभराव्या भागात चालतो. उद्यमनगरात हे कोणालाही कळेल. आम्ही रोज तेच करतो.

दुसरी गोष्ट टायमिंग बेल्टची. कॅम फिरवणारे हे दोन रबरी पट्टे किलोमीटरने झिजतात आणि नुसत्या वर्षांनीही म्हातारे होतात. पट्टा चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिन तिथंच संपतं. त्याचा ताण बघायची एक पद्धत म्हणजे पट्टा तारेसारखा छेडायचा आणि आवाजाची कंपनं मोजायची. तंबोरा लावणाऱ्याला हे काम लगेच समजेल.

म्हणजे काम अवघड नाही, पण ते मोजून करायचं काम आहे. आणि मोजलं की नाही, हे गाडी परत घेताना बाहेरून दिसत नाही.

२०१९ साली मी गाडी एका मोठ्या शहरातल्या दुकानात मोठ्या सर्व्हिसला दिली. तिथं परदेशी बनावटीच्या बऱ्याच गाड्या येत. दुकानाचं आणि शहराचंही नाव लिहीत नाही, कारण नाव छापून माझा राग शमेल, प्रश्न सुटणार नाही. नऊ दिवसांनी गाडी मिळाली. बिल ४१,६०० रुपये. त्यात ‘व्हॉल्व्ह क्लिअरन्स ॲडजस्ट’ आणि ‘टायमिंग बेल्ट रिप्लेस’ असं छापलेलं. गाडी धुऊनपुसून आरशासारखी केली होती. पत्नीला मागे बसवून मी खंबाटकीचा घाट उतरून कोल्हापूरला आलो.

आमच्या शॉपमध्ये एक शिस्त आहे. बोल्ट टॉर्क रेंचने घट्ट केला की त्याच्या डोक्यावरून खालच्या अंगापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. गाडी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात तेलाचा थोडा पाझर दिसला होता, म्हणून मी व्हॉल्व्ह कव्हर आणि बेल्ट कव्हरचे सगळे बोल्ट घट्ट करून अशा रेघा मारल्या होत्या. सर्व्हिसहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीपाशी बसलो आणि टॉर्च लावून पाहिलं. एकही रेघ तुटलेली नव्हती.

मी कितीतरी वेळ तिथंच बसून राहिलो. पैशांचा विचार नंतर आला. आधी आला तो घाटाचा. सहा वर्षांच्या जुन्या बेल्टवर, ते नवे आहेत असं समजून, मी घरच्या माणसाला घाटातून आणलं होतं.

फोन केला. “सर, चेक केलं होतं, सगळं टॉलरन्समध्ये होतं.” मी म्हणालो, मग आठ मापं सांगा. “ती आम्ही लिहून ठेवत नाही.” जुने बेल्ट द्या म्हणालो. “भंगारात गेले.” दोन महिने पाठपुरावा केल्यावर बेल्टचे पैसे परत आले. मजुरीचे आले नाहीत.

मी स्वतःच का केलं नाही, असं मित्र विचारतात. फिलर गेज आणि मायक्रोमीटर माझ्याकडे आहेत. पण फट किती आहे हे मोजता आलं तरी ती किती असायला हवी, हे कंपनीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात असतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं. अंदाजाने मी गिऱ्हाइकाची बुशसुद्धा करत नाही, इंजिन कुठलं उघडणार?

मग मी अशा गाड्या असलेल्या जुन्या मालकांना फोन करायला लागलो. अमुक दुकान चांगलं आहे का, असं विचारलं की प्रत्येक जण ‘चांगलं आहे’ म्हणतो, कारण त्यालाही आपण फसलो असं मानायचं नसतं. म्हणून मी प्रश्न बदलला. तुमच्या शेवटच्या सर्व्हिसची मापं लिहिलेला कागद आहे का? सात जणांना विचारलं. सहा जणांकडे बिल होतं. सातव्याकडे कागद होता.

तो कागद मला पुण्यात दोन गाळ्यांच्या एका गॅरेजपर्यंत घेऊन गेला. तिथला मिस्त्री आधी काही वर्षं कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये होता. त्याने मला स्टूल दिलं आणि माझ्यासमोर इंजिन उघडलं. कॅलेंडरच्या जुन्या पानामागे पेन्सिलने आठ आकडे लिहिले, त्यांच्या शेजारी पुस्तकातली मर्यादा लिहिली, आणि दोन आकड्यांना गोल केला. दोन्ही एकाच एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे. उघडणारी फट कमी झालेली, बंद करणारी वाढलेली. व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये, म्हणजे इंजिनातल्या बसायच्या कड्यात, किंचित खोल बसला की असंच होतं. समजावून सांगायला त्याला एक मिनिट लागलं, आणि मला ते पटलं कारण आकडे समोर होते. बाकीची सहा मापं बरोबर होती. ‘ती छेडायची नाहीत, त्यांचे पैसे लावणार नाही,’ म्हणाला.

बंद करणाऱ्या बाजूला जाड शिम हवी होती, ती त्याच्याकडे नव्हती. तो म्हणाला, मागवतो, तीन आठवडे लागतील, तोवर गाडी इथंच राहू द्या, चालवू नका. उघडणाऱ्या बाजूची शिम उलट पातळ करायची होती. माझा धंदा कळल्यावर त्याने ती हातात दिली आणि किती घासायची ते कागदावर लिहून दिलं. मी ती कोल्हापूरला आणून रात्री सरफेस ग्राइंडरवर पाच मायक्रॉन, पाच मायक्रॉन अशी उतरवली आणि पुढच्या फेरीत त्याला नेऊन दिली. त्याने मायक्रोमीटर लावला, मान हलवली, बसवली. तीस वर्षांच्या धंद्यात इतक्या काळजीने मी फार थोडे भाग केले असतील.

सगळं मिळून बिल २९,३०० झालं. जुने बेल्ट त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. वाकवले की दातांच्या मुळाशी बारीक भेगा दिसतात. ते आजही शॉपमध्ये खिळ्यावर टांगलेले आहेत आणि नवीन मुलगा कामाला आला की मी त्याला ते दाखवतो.

त्याच मिस्त्रीने गेल्या वर्षी मला टाकीकडे बघायला लावलं. या मॉन्स्टरच्या बाहेरच्या लाल आवरणाखाली खरी टाकी प्लॅस्टिकची आहे आणि पेट्रोलमधल्या इथेनॉलने ती फुगते. आता बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. माझी टाकी एवढी फुगली होती की काढल्यावर पुढचा बोल्ट भोकात बसेना. गाडी आठवडेच्या आठवडे भरल्या टाकीने उभी ठेवू नका, एवढा सल्ला त्याने फुकट दिला. ज्यांच्या जुन्या मॉन्स्टर आहेत त्यांनी हे आजच तपासावं.

आपल्याकडे विक्रेता कायम राहील अशी खात्री देता येत नाही, हा मुद्दा लेखात यायला हवा होता. बेनेली या इटालियन कंपनीच्या गाड्यांची जुळणी आपल्या वाईजवळ होत असे. २०१८ साली कंपनीचा भारतातला भागीदार बदलला आणि कारभार हैदराबादकडे गेला. एम.व्ही. अगुस्ता ही दुसरी इटालियन कंपनी २०१६मध्ये पुण्याच्या कायनेटिकमार्फत आली होती, तीही टिकली नाही. दुकान बंद झालं की संगणकातला तुमच्या गाडीचा इतिहासही जातो. मालकाच्या घरी कागद असेल तर नवा मिस्त्री तिथून पुढे सुरुवात करू शकतो. नसेल तर गाडी विकतानाही घेणारा विचारतो आणि आपल्याकडे उत्तर नसतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. व्हॉल्व्ह सेट केल्याचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक दुकानाने आधीचं माप, नंतरचं माप आणि कोणती शिम घातली ते सहीनिशी लिहून द्यावं. काढलेले भाग न मागता परत करावेत. यात कोणाचं गुपित फुटत नाही. ज्याने मोजलं आहे त्याला लिहायला दहा मिनिटं लागतात. माझ्या शॉपमधून जाणाऱ्या प्रत्येक लॉटबरोबर तपासणीचा कागद जातो, नाहीतर गिऱ्हाईक माल उतरवूनच घेत नाही. दोनशे रुपयांच्या पिनेला जे लागू आहे ते लाखोंच्या गाडीला का नसावं?

दुसरी मागणी सरकारकडे. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजपासून राखून ठेवल्याबद्दल चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. डिसेंबर २०२२मध्ये केंद्राने ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहनंही आली. पण पोर्टलवर जाऊन माझ्या मिस्त्रीला फटींच्या मर्यादा मिळणार नाहीत. युरोपीय संघाच्या २०१३च्या नियमात दुचाकींची दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजनाही मिळाली पाहिजे, असं लिहिलेलं आहे. जी माहिती डुकाटीच्या गावच्या, बोलोन्याच्या, गल्लीतल्या मेकॅनिकला हक्काने मिळते, ती त्याच गाडीसाठी पुण्यातल्या मेकॅनिकला पैसे भरूनसुद्धा हक्काने मिळू नये, याचं कारण मला समजत नाही.

गिऱ्हाइकांना सर्व्हिसची धास्ती असते, हे कंपन्यांना माहीत आहे. डुकाटीच्या मल्टिस्ट्राडा व्ही-४मध्ये डेस्मो नाही, स्प्रिंग आहेत, आणि व्हॉल्व्ह तपासणी ६०,००० किलोमीटरवर नेली आहे. चांगलंच आहे. पण मोजणी उशिरा आली म्हणून ती न लिहिता चालेल असं नाही. उलट एवढ्या वर्षांनी होणारं काम नक्की झालं का, हे जास्तच कळायला हवं.

हे सगळं आत्ता लिहायला आणखी एक कारण आहे. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते आणि तिला अप्रिलिया आरएस ४५७ घ्यायची आहे. ही इटालियन स्पोर्ट बाईक आपल्या बारामतीत तयार होते. डिसेंबर २०२३मध्ये गोव्यात ती बाजारात आली तेव्हा शोरूमची किंमत ४ लाख १० हजार होती. म्हणजे ही गाडी आता मोठ्या उद्योजकांपुरती राहिलेली नाही. पगारातून हप्ता भरणारी मुलं ती घेणार आणि सर्व्हिसच्या बिलावर जे छापलं असेल त्यावर विश्वास ठेवणार. मुलीने विचारलं, “बाबा, घेऊ का?” मी म्हणालो, घे. पण शोरूमच्या काचेतून आत जाऊ नकोस, मागच्या वर्कशॉपच्या दाराने जा. तिथल्या मिस्त्रीला विचार, व्हॉल्व्हची मापं लिहून देता का, आणि तो काय म्हणतो त्यापेक्षा विचारल्यावर त्याचा चेहरा कसा होतो ते बघ.

तिच्या इंजिनात दोन सिलिंडर आणि आठ व्हॉल्व्ह आहेत. डेस्मो नसल्यामुळे प्रत्येकाला एकच फट. म्हणजे तिचीही मापं आठच. येत्या शनिवारी ती गाडी बघायला जाणार आहे. मी तिला एक वही दिली आहे आणि पहिल्या पानावर आठ चौकोन आखून दिले आहेत.

आपला,
एक वाचक,
उद्यमनगर, कोल्हापूर