फोटो बोर्राचा, पैसे बेलमचे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : पुणे–कर्नूल–बेलम–गंडीकोटा या 4 दिवसांच्या सहलीतील सेवेतील त्रुटी व रक्कम परताव्याची मागणी

महोदय,

जानेवारीतील वरील सहलीसाठी आम्ही 14 जणांनी माणशी 16,500 रुपये आगाऊ भरले होते. आपल्या माहितीपत्रकात सहलीचे मुख्य आकर्षण म्हणून आंध्र प्रदेशातील बेलम गुहांचे नाव ठळक अक्षरांत आहे आणि वर्णनाखाली फोटोही आहे. तो फोटो बोर्रा गुहांचा आहे. उंच छत, रंगीत दिवे, भव्य दालन हे बोर्राचे दृश्य. बोर्रा विशाखापट्टणमच्या पुढे अनंतगिरीच्या डोंगरात आहे आणि बेलमपासून रस्त्याने 600 किलोमीटरहून लांब. बेलम दिसायला पूर्णपणे वेगळी : सपाट शेतजमिनीत विहिरीसारखी भोके, त्यातल्या एकातून सुमारे 20 मीटर खाली उतरायचे आणि मग पाण्याने गुळगुळीत केलेल्या काळ्या चुनखडीच्या अरुंद बोळांतून चालायचे. ज्याला बेलम बघायची आहे त्याला हेच हवे असते. पण ग्राहकाला एक दाखवून दुसरीकडे नेणे ही चूक छपाईची म्हणता येत नाही.

त्याच पत्रकात 'बेलमची प्राचीन लेणी' असेही छापले आहे. अजिंठा-वेरूळच्या मुलखातल्या कंपनीने तरी ही गल्लत करू नये. लेणी माणसाने छिन्नीने खोदली, तीही बसाल्टमध्ये, आणि बसाल्ट पाण्यात विरघळत नाही. बेलम चुनखडीत पाण्याने कोरली. तिथे पूर्वी भिक्षूंचा वावर होता हे खरे, पण त्यामुळे गुहेचे लेणे होत नाही.

आता मूळ तक्रार. बेलम गुहा सकाळी 10 ला उघडतात आणि संध्याकाळी 5 च्या सुमारास बंद होतात. एकूण लांबी 3,229 मीटर, त्यातला साधारण दीड किलोमीटर पर्यटकांना खुला. वाकत, थांबत, तिथल्या वाटाड्याचे ऐकत हे अंतर पार करायला दीड ते दोन तास लागतात. आपण दुसऱ्या दिवशी कर्नूलहून 9 ला गाडी काढली, ओर्वकलच्या खडकबागेत दीड तास, मग यागंटीचे मंदिर, मग जेवण, आणि 4 वाजून 10 मिनिटांनी बेलमच्या तिकीट खिडकीवर. आत जेमतेम 40 मिनिटे मिळाली. कोटिलिंगालु, म्हणजे शिवलिंगांसारख्या आकारांचे दालन, धावत पाहिले. पाताळगंगा, म्हणजे 46 मीटर खोलीवरचा या गुहेचा सर्वांत खालचा भाग, जिथे पाण्याची धार जमिनीत नाहीशी होते, तो 'आता वेळ नाही' म्हणून वगळला. कर्नूलहून 7 ला निघून थेट बेलम गाठली असती तर दारे उघडताच आत, 12 ला बाहेर, आणि सूर्यास्ताला गंडीकोट्याच्या दरीच्या कड्यावर. यागंटी परतीच्या वाटेवर सहज बसते. नकाशा एकदा उघडून पाहिला असता तरी हे दिसले असते.

तिसरी बाब प्रकृतीची आहे, म्हणून जास्त गंभीर. सूचनापत्रात 'गुहेत गारठा असतो, स्वेटर आणावा' असे आहे. जमिनीखाली काही मीटरवर तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर असते आणि ते त्या भागाच्या वार्षिक सरासरीइतके असते. बेलम ज्या रायलसीमेत आहे तिची सरासरी किती उष्ण आहे हे सांगायला नको. त्यात आतली हवा बाष्पाने भरलेली, घाम वाळतच नाही. हवा खेळती ठेवण्याची सोय तिथे केलेली आहे, तरीही वाकून चालताना दम लागतो. दोघे सदस्य अर्ध्यातून परत फिरले. आरक्षणाच्या वेळी दमा, हृदयविकार, गुडघे यांबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. सांगायला हवे होते ते एवढेच : सुती कपडे, पकड असलेले बूट (ओल्या पायऱ्यांवर चपला घसरतात), माणशी अर्धा लिटर पाणी, डोक्याला टोपी, कारण छत अचानक खाली येते, आणि पाठीवरची पिशवी गाडीत. शिवाय प्रत्येकाकडे स्वतःची विजेरी. आतली रोषणाई विजेवर चालते आणि वीज गेली की तिथला काळोख स्वतःचा हातही दिसू देत नाही. 14 जणांत आपल्या सहल-प्रमुखाकडे एक मोबाइल होता, तोही 11 टक्क्यांवर.

याच प्रमुखाने बेलममधल्याच सप्तस्वर दालनात लवणस्तंभ गाडीच्या किल्लीने वाजवून दाखवले. ('लवणस्तंभ' हा शब्द पाठ्यपुस्तकातला, मीठ त्यात औषधालाही नसते, असते ते कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतले खनिज.) हे स्तंभ थेंबाथेंबाने वाढतात, हाताचे तेलही लागले तरी तिथली वाढ खुंटू शकते. धातूने टवका उडाला तर तो पुन्हा भरून यायला कित्येक पिढ्या लागतील.

तोंडी तक्रारीनंतर आपण भरपाई म्हणून ऑगस्टमध्ये बस्तरची कुटुमसर गुहा 'निम्म्या दरात' देऊ केली. कांगेर खोऱ्यातली ही गुहा पावसाळ्यात पाण्याने भरते आणि वनखाते ती बंद ठेवते. बंद दारासमोर नेण्यासाठी निम्मा दरही जास्तच होतो.

मागणी अशी : बेलमचा दिवस वाया गेल्याबद्दल माणशी 4,000 याप्रमाणे 56,000 रुपये मूळ खात्यात परत करावेत, तिकीट-सवलत किंवा कूपन चालणार नाही. माहितीपत्रकातला फोटो आणि स्वेटरची सूचना पुढच्या तुकडीआधी बदलावी. या पत्राचे लेखी उत्तर 15 दिवसांत न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा आयोगात जाऊ. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो आणि मुदत 2 वर्षांची आहे, त्यामुळे आम्हाला घाई नाही.

आपले,
सहलीतील 14 प्रवासी

सोबत : माहितीपत्रकाची प्रत, पैसे भरल्याच्या पावत्या, वेळ छापलेले गुहेचे तिकीट, ऑगस्टच्या प्रस्तावाचा संदेश