एका प्रभागाला दोन नगरसेवक, मग गटार कोणाचं?

संपादक साहेब, नमस्कार.

२ डिसेंबर २०२५ ला नगरपरिषदेचं मतदान झालं तेव्हा आमची आई बूथवर गोंधळली, बटण दाबलं तरी मशीन वाजेना. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की मतं तीन द्यायची, एक नगराध्यक्षाला आणि दोन नगरसेवकांना, अ जागेचा एक आणि ब जागेचा एक, शेवटचं बटण दाबल्यावरच मशीन वाजतं. तिथल्या मॅडमनी समजावलं म्हणून बरं झालं.

पण माझा खरा मुद्दा या अ आणि ब चा आहे. मागच्या टर्मला आमच्या गल्लीतलं गटार तुंबलं, अ वाल्यांकडे गेलो तर म्हणाले तुमची बाजू ब कडे येते, ब वाले म्हणाले ते काम अ वाल्यांनी घेतलंय. असं करत अख्खा पावसाळा गेला, घाण पाणी दारात. कायद्यात प्रभागाची अशी वाटणी नाहीच हो, दोघांनाही अख्खा प्रभाग मत देतो आणि दोघंही अख्ख्या प्रभागाचे असतात, अ आणि ब फक्त जागेच्या आरक्षणासाठी. पण मतदाराला हे माहीत नसतं आणि त्याचाच फायदा घेतला जातो.

नगरपंचायतीत १७ प्रभाग, १७ नगरसेवक, प्रत्येकाला एक, तिथे असं बोट दाखवायला जागाच नाही. काही जण म्हणतात महिलांना निम्म्या जागा द्यायच्या तर दोनचा प्रभाग सोयीचा पडतो, पण नगरपंचायतीतही ५० टक्के महिला आहेतच की, सोडत काढून होतं ते.

नगराध्यक्षाच्या निवडीचंही काही पक्कं नाही, २०१६ ला थेट जनतेतून, २०२० ला कायदा बदलून नगरसेवकांतून, २०२२ ला परत थेट. सरकार बदललं की नियम बदलतो. आणि मुदत संपल्यावर निवडणुकाच झाल्या नाहीत, कित्येक गावांत तीन-चार वर्षं प्रशासक होता, तेव्हा तर गटारासाठी अ पण नाही आणि ब पण नाही, मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनबाहेर बसून राहायचं, आणि ते शासनाने नेमलेले, त्यांना आपलं मत लागत नाही.

तुमचा पेपर आमच्याकडे घरोघरी येतो. पुढची प्रभागरचना व्हायच्या आत एक प्रभाग एक नगरसेवक हा विषय आमदारांपुढे लावून धरा, एवढी विनंती आहे.

– एक मतदार